पाणी अडवणारी

"म्याडम, आज ह्या ड्रमला हात लावू नये असं माझं मत हाय," गंगाराम भुवड म्हणाले आणि त्यांनी झाकणावर बोटांनी टकटक केलं. "खोलीतला एसी सकाळपासून झोपलाय. हवा बघा कशी चिकट झालीय."

"तुमचं मत कुणी विचारलंय?" मी म्हटलं. "चार किलो तर तोलायचंय. दहा मिनिटांचं काम. तो एसीवाला चिपळूणहून येणार कधी आणि बघणार कधी! तोवर बॅच उद्यावर जाईल आणि साहेब माझं डोकं खातील."

"बरं बाबा. तुमचं राज्य!" ते हसले. "इब्राहिम, मिठाचा डबा जवळ घे रे. बाईंना घाई झालीय."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. सांगलीहून एम.एस्सी. होऊन खेडजवळच्या त्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट केमिस्ट म्हणून लागले होते, आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. भुवड पंचेचाळिशीचे, सातवी पास, पलीकडच्या गावातून सायकलने येणारे. पण त्या ड्रमशी कसं वागायचं हे मला कॉलेजने नाही, भुवडांनी शिकवलं.

ड्रममध्ये सोडियम हायड्राइड होतं. नाव भारदस्त, रूप अगदीच गरीब. चुलीतली राख तेलात कालवून ठेवल्यासारखं दिसायचं. औषधाच्या रेणूतला एखादा हायड्रोजन जागचा हलायला तयार नसतो, त्याला हे उपटून काढतं, मग रिकाम्या जागी आपल्याला हवं ते जोडता येतं. आमचा निम्मा माल त्याच्या जिवावर व्हायचा. पण पाण्याशी त्याचं हाडवैर. थेंब लागला की हायड्रोजन वायू सुटतो आणि इतकी उष्णता होते की तोच वायू पेट घेतो. हवेतल्या बाष्पाने बिघडू नये म्हणून तर ते तेलात मुरवून पाठवतात. पेटलंच तर पाणी मारायचं नाही, आगीचा लाल सिलिंडरसुद्धा मारायचा नाही. कोरडं मीठ किंवा कोरडी वाळू ओतायची आणि हात जोडून उभं राहायचं.

नवा माणूस कामाला आला की भुवड त्याला मागच्या आवारात न्यायचे. पत्र्याच्या ताटलीत मोहरीएवढं हायड्राइड ठेवून लांबून पिचकारीने पाणी मारायचे. भक्कन जाळ व्हायचा. "बघितलास?" ते म्हणायचे. "ह्याच्यासमोर रडायचंसुद्धा नाय." नवा माणूस हसायचा, पण दाराबाहेर पाण्याची बाटली ठेवायला कधी विसरायचा नाही.

आणि त्याच माणसाच्या गळ्यात त्या दिवशी ओला टॉवेल होता.

अॅप्रनच्या कॉलरखाली दडवलेला होता, मला दिसला नाही. मे महिना, अकराचा सुमार, बंद खोली. गॉगल, मास्क, रबरी हातमोजे घालून नुसतं उभं राहिलं तरी घामाच्या धारा लागत होत्या. भुवडांनी तीन किलो तोलून पिशवीत भरलं. शेवटच्या किलोसाठी ड्रमच्या तळाशी हात घालायला ते कमरेत वाकले आणि टॉवेलचं टोक कॉलरमधून निसटून आत पडलं.

गरम तेलात ओली मिरची पडावी तसा चर्र आवाज झाला. भुवडांना काय झालं ते माझ्या आधी कळलं. त्यांनी टॉवेल झटकन वर ओढला. कुणीही ओढलाच असता. पण टॉवेलाबरोबर तो करडा गोळाही वर आला आणि त्यांच्या मानेवर, छातीवर फुटला. पिवळाधमक जाळ त्यांच्या हनुवटीपर्यंत गेला.

"मीठ!" मी ओरडले. इब्राहिमने डबाच्या डबा ड्रममध्ये उपडा केला. इब्राहिम परकार, धिप्पाड माणूस, एरवी एक शब्द न बोलणारा. तो "या अल्ला, या अल्ला" करत दुसरा डबा ओतत होता. ड्रम विझला. मी भिंतीवरचं आगीचं कांबळं ओढून भुवडांना गुंडाळलं आणि ढकलत बाहेर पॅसेजमध्ये आणलं.

पॅसेजच्या टोकाला, दहा पावलांवर, डोक्यावरून पाणी सोडायचा मोठा शॉवर होता. साखळी ओढली की धबधबा. आम्ही सगळे त्या शॉवरकडे रोज बघायचो. भुवडांनीही बघितलं आणि ते तिकडे धावले.

मी त्यांना आडवी गेले.

"पाणी!" ते किंचाळले. "म्याडम, पाणी घाला!"

"आधी कोरडं! भुवड, आधी कोरडं!"

"पाणी घाला वो! जळतोय मी!"

कांबळ्याने वरचा जाळ दबला होता, पण तेलात कालवलेले ते गोळे मानेला आणि छातीला मेणासारखे चिकटले होते आणि कांबळं जरा उचललं की पुन्हा धुमसत होते. हेच तर मी पुस्तकात वाचलं होतं, हेच भुवड सात वर्षं सगळ्यांना सांगत होते: अंगावर पडलं तर आधी कोरड्या फडक्याने निपटून काढायचं, मग पाणी. मी माझ्या अंगातला अॅप्रन काढला आणि त्याने निपटायला लागले. माझे हातमोजे वितळून बोटांना चिकटले ते मला नंतर कळलं. भुवड मला ढकलत होते. सत्तर किलोचा माणूस, आणि मी त्याला शॉवरपासून मागे लोटत होते. "थांबा," मी रडत म्हणत होते, "थांबा हो, एक मिनिट थांबा."

तेवढ्यात आवारातून सुगंधावहिनी धावत आल्या.

भुवडांची बायको आमच्याच कॅन्टीनमध्ये होती. दहाला सगळ्यांना चहा द्यायच्या आणि अकराला पेले गोळा करायला यायच्या. ओरडा ऐकून त्या हातातली पेले धुवायची बादली घेऊनच आल्या. पाठीमागे पॅकिंगची, बॉयलरची पंचवीस-तीस माणसं. वहिनींनी नवऱ्याला पाहिलं आणि बादली दोन्ही हातांनी मागे नेली, फेकायला.

मी बादलीला लाथ मारली.

बादली भिंतीवर आदळली, पाणी पॅसेजभर झालं. वहिनी माझ्या अंगावर धावून आल्या, माझे केस धरले. "अगं, पाणी मागतोय तो! कैदाशिणी! पाणी मागतोय माझा माणूस!"

"इब्राहिम, धर त्यांना!" मी ओरडले. इब्राहिमने त्यांना मागून कवेत धरलं. त्या त्याच्या हाताला चावल्या तरी त्याने सोडलं नाही. मी खाली बसून भुवडांच्या छातीवरचे उरलेले गोळे खरवडत होते आणि तीस माणसं बघत होती. कुणी पुढे आलं नाही, कुणी मागेही गेलं नाही. त्यांना काय दिसलं असेल ते मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते. एक माणूस जळतोय, पाणी मागतोय, त्याची बायको पाणी घेऊन आलीय, आणि सांगलीची ही बाई त्याला पाणी मिळू देत नाही.

दीड मिनिट गेलं असेल. मग मी साखळी ओढली. भुवड शॉवरखाली बसले आणि मी त्यांना धरून वीस मिनिटं त्या धारेखाली बसले. त्यांनी तोंड वर केलं होतं. तेव्हा कुठे ते ओरडायचे थांबले.

कंपनीच्या जीपमधून त्यांना चिपळूणला न्यायचं ठरलं. मागच्या सीटवर त्यांना आडवं केलं, मी खाली पायाशी बसले. वहिनींना साहेबांच्या गाडीतून पाठीमागून आणत होते, त्यांना जीपमध्ये घ्यायची कुणाची छाती झाली नाही. घाटाच्या वळणावर भुवडांनी डोळे उघडले. भाजलेला माणूस पहिल्या तासात अगदी शहाण्यासारखा बोलतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, बोलतायत म्हणजे वाचले.

"म्याडम, तुमचं बरोबर होतं," ते म्हणाले. "मीच येडा झालो."

"बोलू नका भुवड. पडून राहा."

"टॉवेल जळला न्हवं सगळा?"

"कुठला टॉवेल? हो, तो. जळला."

"बरं झालं."

मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली.

"म्याडम, तिला नका सांगू."

"काय?"

"टॉवेलाचं. तिनंच भिजवून दिला व्हता, चहाच्या टायमाला. काल मला चक्कर आली ना उन्हात, म्हणून. मी म्हटलं, नको, आत चालत नाय. तर म्हणाली, मानेला गुंडाळा, कोण बघतंय, आत जाताना काढा." त्यांना धाप लागली. "आणि मी काढायचा विसरलो बघा. मानेला गार लागत व्हतं. बरं वाटत व्हतं."

मी ड्रायव्हरला वळणं सावकाश घ्यायला सांगितलं.

"तिला कळलं तर ती इहीर जवळ करील. मी ओळखतो तिला. शपथ घ्या."

"मी नाही शपथबिपथ घेत," मी म्हटलं. "बरे व्हा आणि तुम्हीच काय ते सांगा तिला. भांडा दोघं."

"सांगीन की. मी काय मरतोय?" ते हसायला गेले आणि हसता आलं नाही. "पण तोवर शपथ घ्या."

मी त्यांच्या पायावर हात ठेवला. पायच तेवढा धड होता. "शपथ," मी म्हटलं.

आज अठ्ठावीस वर्षं झाली. हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात इब्राहिमचा फोन आला, म्हणाला, भुवडवहिनी गेल्या, झोपेतच गेल्या. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बाहेर पायरीवर बसले. आता ती शपथ कुणासाठी पाळायची ते मला सुचेना, म्हणून लिहायला घेतलं.

चिपळूणहून भुवडांना मुंबईला हलवलं. चौकशीसाठी सरकारी अधिकारी आले, तेव्हा माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत बँडेज होतं. मॅनेजरच्या केबिनमध्ये मला आणि इब्राहिमला समोरासमोर बसवलं.

"आग कशाने लागली?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"खोलीत दमटपणा होता," मी म्हटलं. "एसी बंद होता."

"मग काम थांबवायला हवं होतं."

"हो."

"कुणी चालू ठेवायला सांगितलं?"

"मी. भुवड नको म्हणत होते."

ते खरंच होतं. खोटं मी एवढंच बोलले की जे सांगायचं ते गाळलं. इब्राहिम खुर्चीत पुढे सरकला. "पण म्याडम, तो टॉवेल..."

"कसला टॉवेल?" मी त्याच्याकडे बघितलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बघितलं. "नाय साहेब. काय नाय. दमटच होती हवा." इब्राहिमला किती कळलं, काय कळलं, ते आम्ही आजतागायत एकमेकांशी बोललेलो नाही.

मॅनेजर बाहेर आल्यावर म्हणाले, "पेठे, तू वेडी आहेस का? सगळं स्वतःच्या अंगावर कशाला घेतेस? आणि ते बादलीचं काय ऐकतोय मी?" बादलीचं वसाहतीतल्या सगळ्या कंपन्यांत पोचलं होतं. मी कॅन्टीनमध्ये गेले की बाकं रिकामी व्हायची. चहा आणून देणारी बाई पेला टेबलावर ठेवायची आणि मागे सरायची. एकीने तर तोंडावर विचारलं, "बाई, तुमच्या घरात माणूस जळला असता तरी बादली लाथाडली असतीत?" मी चहा तसाच ठेवून उठले. पाणी घातलं असतं तर छातीवरचे गोळे भडकून काय झालं असतं, ते दाखवता थोडंच येतं? आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. पुढे मी दोन जाणत्या माणसांना विचारलं. एक म्हणाले, तू केलंस तेच बरोबर. दुसरे म्हणाले, शॉवर मोठा होता ना, एवढ्या पाण्यात थेट घातलं असतं तरी निभावलं असतं कदाचित. त्या 'कदाचित'ने माझ्या किती रात्री खाल्ल्या ते मोजलं नाही.

मी मुंबईला गेले. वॉर्डाच्या दाराशी वहिनींनी मला अडवलं.

"आत नाय जायचं."

"वहिनी, पाच मिनिटं. बाहेरूनच बघते."

"त्यानं पाणी मागितलं." त्या ओरडल्या नाहीत, अगदी सावकाश बोलल्या. "दहा पावलांवर पाणी, मी पाणी घेऊन आले, आणि तुम्ही लाथ मारलीत. वैरी मरत असला तरी त्याच्या तोंडात माणूस पाणी घालतो, बाई."

"वहिनी, ते पाण्यानेच..."

"काय पाण्याने?"

मी तोंड उघडलं होतं. खरं सांगते, उघडलं होतं. एवढंच म्हटलं असतं की पाण्यानेच आग लागली, आणि ते पाणी कुणी दिलं ते विचारा तुमच्या माणसाला, तर मी सुटले असते. पण त्या बाईच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, केस तीन दिवस विंचरलेले नव्हते, आणि कमरेला पदर खोचलेला होता, त्यात नवऱ्याचा चष्मा अडकवलेला होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो.

"काही नाही," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"चुकलं म्हणे!" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लोटून घेतलं.

भुवड पाचव्या दिवशी गेले. शेवटचे दोन दिवस शुद्धीवर नव्हते, म्हणजे बायकोला त्यांनी काही सांगितलं नसणार. मला आशा होती की सांगतील. सांगतो म्हणाले होते ना.

मॅनेजरने निक्षून सांगितलं, "गावात जाऊ नकोस. लोक चिडलेत, काही झालं तर मी जबाबदार नाही." मी इब्राहिमच्या स्कूटरवर मागे बसून गेले. त्याने नको म्हटलं नाही. नदीच्या पुलावर तेवढं विचारलं, "म्याडम, खरंच जायचं?" मी हो म्हटलं.

सकाळचे दहा वाजले होते. अंगणात मयत ठेवलं होतं, फक्त चेहरा उघडा. चेहऱ्याला फारसं काही झालेलं नव्हतं, गॉगलने डोळे वाचले होते. मी अंगणात पाय ठेवला आणि बायकांचं रडणं एकदम थांबलं. भुवडांचा भाऊ उठून उभा राहिला. "ह्या बाईला कुणी बोलावलं?" तो म्हणाला. कुणीतरी त्याचा हात धरला. इब्राहिम माझ्या अर्धं पाऊल पुढे येऊन उभा राहिला.

मयत उचलायच्या आधी घरचे, शेजारचे एकेक जण पुढे होऊन तुळशीच्या पानाने तोंडात पाणी घालतात. ते चालू होतं. भाऊ झाला, भावजय झाली, म्हातारी आत्या झाली. मी कोपऱ्यात पेरूच्या झाडाखाली उभी होते. पुढे जायचं माझ्या मनातही नव्हतं. दुरून नमस्कार करावा आणि निघावं एवढंच ठरवलं होतं.

वहिनी उशाशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग तांब्या उचलला, उठल्या आणि सगळ्या अंगणातून चालत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. तांब्या काठोकाठ भरलेला होता आणि चालताना थेंबही सांडला नव्हता.

"या," त्या म्हणाल्या. "तुम्ही पण घाला. आता चालतंय न्हवं?"

माझ्या घशात ती सगळी हकिगत आली. टॉवेल, दहाचा चहा, मानेला गार लागत होतं ते, घाटातलं वळण, सगळं. माझ्यासमोर ज्या दोन हातांनी तांब्या धरला होता, त्याच हातांनी टॉवेल पिळला असेल, झटकला असेल, नवऱ्याच्या मानेला नीट गुंडाळला असेल. आणि पुढची कितीतरी वर्षं त्या हातांनी भाकरी थापायची होती, जगायचं होतं. मी बँडेजमधून बाहेर आलेल्या बोटांनी तांब्या धरला. धरता येईना, तेव्हा वहिनींनीच खालून आधार दिला.

"चालतं, वहिनी," मी म्हटलं. "आता चालतं."

आणि त्यांच्याबरोबर उशाशी जाऊन भुवडांच्या तोंडात पाणी घातलं.